फूटी क्लबची मेंबरशिप घ्यावी का? रिचमंडच्या एका मेंबरचा रिव्ह्यू

मेलबर्नला नवीन आलेले आपले बरेच लोक पहिला हिवाळा आला की विचारतात, ही फूटी (म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल) क्लबची मेंबरशिप घेण्यात काही अर्थ आहे का, वर्षाला एवढे डॉलर मोजून नक्की मिळतं काय, आणि घ्यायचीच तर कुठल्या क्लबची. मी रिचमंडची मेंबर आहे, आणि फूटी माझ्यासाठी नुसता टाइमपास नाहीये हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला अंदाज येईल मी कुठून बोलतेय. पण हा रिव्ह्यू फक्त रिचमंडचा नाही. एएफएल या फूटीच्या मुख्य लीगमधल्या कुठल्याही क्लबची मेंबरशिप विकत घेताना त्या पाकिटात अजून एक गोष्ट येते जी वेबसाइटवर कुठेच लिहिलेली नसते, ती म्हणजे त्या क्लबच्या लोकांची अपेक्षा. माझं प्रामाणिक मत आहे की क्लब जिंकतो की वर्षानुवर्षं रखडतो यात या अपेक्षेचा हात लोक समजतात त्यापेक्षा खूप मोठा आहे.

आधी साध्या गोष्टी उरकून घेते. मेंबरशिपचे प्रकार भरपूर आहेत, सगळ्या होम मॅचचा, ठरलेल्या सीटचा, सीट नसलेला नुसता एंट्रीचा, तीनच मॅचचा, दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांचा, लहान मुलांचा. सीझनमध्ये होम मॅच साधारण ११ असतात. स्कार्फ, कॅप, गाडीला लावायचा स्टिकर असं काहीबाही मिळतं, तिकीट आता फोनवरच येतं. एक गोष्ट नीट बघा, "होम" मॅच म्हणजे तुमच्या घराजवळ असेलच असं नाही, हॉथॉर्न काही होम मॅच लॉन्सेस्टनला खेळत आलंय, नॉर्थ मेलबर्न होबार्टला, म्हणजे राहायला मेलबर्नमध्ये आणि होम मॅच समुद्रापलीकडे टास्मानियात. मेलबर्नमधल्या मॅचसुद्धा एमसीजी आणि डॉकलँड्सचं मार्व्हल स्टेडियम अशा विभागलेल्या असतात, त्यामुळे पैसे भरण्याआधी फिक्स्चर बघाच. आणि ग्रँड फायनलचं तिकीट हवं म्हणून मेंबरशिप घेणार असाल तर सर्वात वरचा प्रकार घ्या, कारण एमसीजीला १ लाख लोक बसतात खरे पण खेळणाऱ्या दोन क्लबच्या मेंबरना मिळून निम्म्याहूनही कमी सीट मिळतात, खालच्या प्रकारवाल्यांना बॅलटमध्ये (म्हणजे लॉटरीत) नंबर लागायची वाट बघत बसावं लागतं. दर महिन्याला पैसे कापून घेणारा हप्त्यांचा पर्याय असेल तर तो पुढच्या वर्षी आपोआप रिन्यू होतो का तेही वाचा.

एवढं झालं सीटचं. आता खरा माल.

आयपीएलमध्ये टीमला मालक असतो, त्याला पटलं नाही तर कोच गेला, आपण फक्त बघत बसायचं. इथे व्हिक्टोरियातले बहुतेक क्लब मेंबरांचे आहेत. फुल मेंबर असाल तर बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं (सगळ्या क्लबमध्ये असं नाही बरं का, वेस्ट कोस्ट आणि फ्रीमँटलची मालकी तिकडच्या फुटबॉल कमिशनकडे आहे). आणि हे मत नुसतं कागदावरचं नाही. १९९६ मध्ये मेलबर्न आणि हॉथॉर्न हे दोन क्लब एक करायचं घाटत होतं, दोन्हीकडच्या मेंबरांनी मत दिलं, मेलबर्नवाले थोडक्यात हो म्हणाले, हॉथॉर्नवाल्यांनी ठाम नाही म्हणून सांगितलं आणि सगळं बारगळलं. त्याच हॉथॉर्नने पुढे २००८, २०१३, २०१४ आणि २०१५ असे चार फ्लॅग, म्हणजे चार वर्षांची चॅम्पियनशिप, जिंकले. फुट्सक्रेचंही तसंच, १९८९ मध्ये फिट्झरॉयबरोबर विलीन करायला निघाले होते, लोकांनी दारोदार पैसे गोळा करून क्लब वाचवला, आणि तोच क्लब वेस्टर्न बुलडॉग्ज नावाने २०१६ ला सातव्या नंबरवरून फायनल्समध्ये (म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत) येऊन थेट फ्लॅग घेऊन गेला, १९५४ नंतर पहिल्यांदा. मी बुलडॉग्जची नाही तरी हे लिहिताना मला भरून येतं.

म्हणजे सपोर्टर क्लब जिवंत ठेवू शकतात हे नक्की. पण जिंकून देऊ शकतात का? इथे जरा गुंतागुंत आहे.

एएफएलची रचनाच अशी आहे की कुणी कायम वर राहू नये. १९८६ पासून ड्राफ्ट आहे, म्हणजे खाली राहिलेल्या क्लबला नवीन पोरांमधून आधी निवड करायला मिळते, आणि १९८७ पासून सॅलरी कॅप, म्हणजे श्रीमंत क्लबने पैसा ओतून सगळे चांगले खेळाडू उचलायचे हे बंद. १८ क्लब, दरवर्षी एक फ्लॅग. सगळं अगदी समान वाटलं गेलं तरी एका क्लबच्या वाट्याला १८ वर्षांत एक. पण कार्लटनच्या माणसाशी बोलून बघा, एसेंडनच्या माणसाशी बोला, त्यांच्या डोक्यात हे गणितच नसतं. दोघांचेही १६-१६ फ्लॅग. कार्लटनचा शेवटचा १९९५, एसेंडनचा शेवटचा २०००. आमच्या क्लबची जागा वरच आहे, मधे कुणीतरी काहीतरी चुकीचं केलं म्हणून आपण इथे आहोत, ते दुरुस्त केलं की झालं, अशी ती अपेक्षा आहे. आणि ते "कुणीतरी" म्हणजे प्रत्येक वेळी कोच.

कार्लटनचं बघा ना. २००२ मध्ये सॅलरी कॅप मोडल्याबद्दल त्यांना मोठा दंड झाला, ड्राफ्टमधल्या वरच्या निवडी गेल्या, आणि त्याच वर्षी क्लबच्या इतिहासातला पहिला वुडन स्पून, म्हणजे सगळ्यात शेवटचा नंबर, मिळाला. इथून सावकाश वर यायला हवं होतं. कोच ब्रेट रॅटनने २००९, २०१०, २०११ अशी सलग तीन वर्षं फायनल्सला नेलं, २०१२ ला दहावा नंबर आला आणि काढला त्याला. का, तर आता फ्लॅग जिंकलेला मोठा माणूस पाहिजे. मग तीन फ्लॅगवाला मिक मॉल्टहाउस आणला, त्याला २०१५ ला मे महिन्यात घालवला, आणि त्या वर्षी टीम सगळ्यात शेवटी. मग ब्रेंडन बोल्टन, रीबिल्ड, धीर धरा म्हणाले, २०१८ ला दोन मॅच जिंकल्या, २०१९ च्या मध्यात तोही गेला. मग डेव्हिड टीग काळजीवाहू म्हणून आला, थोड्या मॅच जिंकल्या आणि लोक एवढे खूश झाले की "टीग ट्रेन" सुरू झाली, सगळ्या स्टँडमधून तेच, आणि क्लबने त्यालाच कायम केला. २०२१ संपता संपता बाहेरच्या लोकांकडून रिव्ह्यू करून घेतला आणि त्यालाही काढलं. ज्या माणसाला लोकांच्या आनंदाने खुर्चीत बसवलं त्यालाच लोकांच्या निराशेने उठवलं. यात टीगचा काय दोष म्हणायचा मला खरंच कळत नाही.

एसेंडनची गोष्ट जास्त दुखरी आहे, म्हणून मी त्यांच्यावर कधी हसत नाही. २००४ नंतर २०२५ पर्यंत फायनल्समधली एकही मॅच जिंकलेली नाही. मधे सप्लिमेंटचं (खेळाडूंना बंदी असलेलं औषध दिल्याचं) प्रकरण झालं, ३४ खेळाडू २०१६ चं पूर्ण वर्ष बंदीत, उसने खेळाडू आणून टीम उभी केली, तीन मॅच जिंकल्या, आणि तरी मेंबर सोडून गेले नाहीत. हे प्रेम खरं आहे, त्याबद्दल कुणी शंका घेऊ नये. पण तेच प्रेम २०२२ ला घाईत बदललं, बेन रटन कोच असतानाच क्लब हॉथॉर्नला ते चार फ्लॅग जिंकून देणारा कोच अॅलिस्टर क्लार्कसनच्या मागे लागला, क्लार्कसन नॉर्थ मेलबर्नला गेला, आणि रटनला तर काढलंच. हातात काहीच नाही. माझ्या मते बोर्ड इथे फूटीचा निर्णय घेत नव्हतं, मेंबरांच्या रागाला उत्तर देत होतं.

आणि अपेक्षा नुसती जास्तच असते असं नाही, ती उलट्या बाजूनेही क्लबला खाते. २००९ चं मेलबर्न घ्या. तेव्हा नियम होता की सलग दोन वर्षं चारपेक्षा जास्त मॅच जिंकला नाहीत तर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीआधीच एक जादा निवड मिळायची. त्यामुळे स्वतःच्याच टीमने हरावं असं मेलबर्नच्या काही सपोर्टरना मनातून वाटायला लागलं, विचार करा, हिवाळ्याच्या थंडीत स्टँडमध्ये बसून आपल्याच टीमने हरावं असं वाटणं. त्या वर्षी रिचमंडविरुद्धची मॅच तर आमच्या जॉर्डन मॅकमहनने सायरन वाजल्यावर मारलेल्या गोलवर गेली. चार विजय, ठरल्यासारखं, ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन्ही निवडी मेलबर्नला. टॉम स्कली आणि जॅक ट्रेंगोव्ह. सगळ्यांना वाटलं आता काही वर्षांत फ्लॅग. झालं काय, तर २०११ ला जीलाँगकडून १८६ पॉइंटनी हरले, कोच डीन बेली गेला, वर्षाच्या शेवटी स्कली सिडनीच्या जीडब्ल्यूएस क्लबला निघून गेला, आणि बिचारा ट्रेंगोव्ह वीस वर्षांचा असताना सहकर्णधार, सगळ्या क्लबची आशा त्या पोराच्या खांद्यावर. २०१३ ला एएफएलने चौकशी केली, मुद्दाम हरल्याचं सिद्ध झालं नाही असं म्हणत ५ लाख डॉलर दंड मात्र केला. हरायची सवय लागली की ती एका ड्राफ्टने सुटत नाही. मेलबर्नला फ्लॅग मिळाला तो २०२१ मध्ये, १९६४ नंतर, आणि कोविडमुळे ती ग्रँड फायनल पर्थला झाली, ५७ वर्षं थांबलेले लोक घरात टीव्हीसमोर. त्यानंतरची दोन वर्षं टॉप फोरमध्ये येऊन फायनल्समधल्या दोन्ही-दोन्ही मॅच हरले, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये फ्लॅग जिंकून दिलेल्या सायमन गुडविनलाही घालवलं.

आता आमच्याकडे येते, कारण मेंबरशिपची खरी किंमत मला इथे कळली.

रिचमंडला १९८० नंतर फ्लॅग नव्हता. १९८२ ची ग्रँड फायनल हरल्यावर २०१२ पर्यंत फायनल्स फक्त दोनदा, १९९५ आणि २००१. १९९० ला तर क्लब बुडत होता, लोकांनी डबे फिरवून पैसे जमवले तेव्हा वाचला. कोच एकामागून एक. नववा नंबर यायचा इतक्यांदा की सगळं शहर त्यावर जोक करायचं (तेव्हा फायनल्स ८ टीमच्या असायच्या, म्हणजे नववा म्हणजे दारातून परत). आमच्या सपोर्टरचा राग फेमस होता, सीझनच्या मध्याला मेंबरशिप कार्ड मायक्रोवेव्हमध्ये घालून जाळणारे लोक आमचेच. २०१० मध्ये डेमियन हार्डविक कोच झाला, पहिल्या नऊच्या नऊ मॅच हरला, आणि त्याच वर्षी सीईओ ब्रेंडन गेलने जाहीर केलं की २०२० पर्यंत तीन फ्लॅग, ७५,००० मेंबर आणि कर्ज शून्य. लोक हसले, आणि त्यांचं तरी काय चुकलं.

पुढची वर्षं कशी गेली ते सांगते, कारण बाहेरच्यांना फक्त २०१७ माहीत असतं. २०१३ ला पाचवे येऊन फायनल्सला गेलो, एसेंडनला त्या सप्लिमेंटच्या प्रकरणामुळे बाहेर काढलं म्हणून नवव्या नंबरचं कार्लटन आत आलं, आणि आम्ही हाफ टाइमला पुढे असून त्यांच्याकडून हरलो. २०१४ ला सलग नऊ मॅच जिंकत आत शिरलो आणि पोर्ट अॅडलेडने ५७ पॉइंटनी धुतलं. २०१५ ला नॉर्थ मेलबर्नकडून हरलो. मग २०१६, तेरावा नंबर, शेवटच्या मॅचला सिडनीकडून ११३ पॉइंटनी हार. त्याच वर्षी मार्चमध्ये हार्डविकचा करार २०१८ पर्यंत वाढवलेला, त्यावरून लोक पेटलेले. एक गट बोर्ड उलथवायला उभा राहिला, म्हणाले फूटीकडे लक्ष द्या, नवीन माणसं आणा.

त्या वेळी प्रेसिडेंट होत्या पेगी ओनील, एएफएल क्लबच्या पहिल्या महिला प्रेसिडेंट. त्यांनी आणि गेलने रिव्ह्यू केला, पण त्या रिव्ह्यूत प्रश्न वेगळा विचारला. कोच काढायचा का असं नाही, तर कोचच्या आजूबाजूला काय कमी आहे. नवीन असिस्टंट आले, फूटी विभाग सांभाळायला नील बाम आले, हार्डविकने स्वतःची पद्धत बदलली, आणि मेंबरांना हे सगळं तोंडावर सांगितलं गेलं. बोर्डावरचा हल्ला बारगळला. मला आजही वाटतं की त्या दिवाळीच्या आसपासच्या आठवड्यांत आम्ही मेंबर जे काही केलं, म्हणजे चिडलो, ओरडलो, प्रश्न विचारले, पण बोर्ड पाडलं नाही, तेच २०१७ चं अर्धं काम होतं. ग्रँड फायनलला एमसीजीवर १,००,०२१ लोक, अॅडलेडला ४८ पॉइंटनी हरवलं, आमच्या डस्टिन मार्टिनला ब्राउनलो (सीझनच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल), नॉर्म स्मिथ (ग्रँड फायनलच्या सर्वोत्तम खेळाडूचं मेडल) आणि फ्लॅग एकाच वर्षात, असं आधी कुणालाच जमलं नव्हतं. रिचमंडमधल्या स्वान स्ट्रीटवर रात्रभर माणसंच माणसं, अनोळखी म्हातारे गळ्यात पडून रडत होते. मग २०१९, मग २०२०. गेलने सांगितलेले तिन्ही फ्लॅग. २०१८ मध्ये मेंबरांची संख्या १ लाखावर गेली, एएफएलमध्ये पहिल्यांदाच.

हे फक्त रिचमंडचं नशीब असतं तर मी एवढं ताणून बोलले नसते. जीलाँगने २००६ ला दहावा नंबर आल्यावर असाच रिव्ह्यू केला, मार्क थॉम्पसनला ठेवलं, पुढच्याच वर्षी ग्रँड फायनल ११९ पॉइंटनी जिंकली, १९६३ नंतर पहिली. कॉलिंगवुडने २०१७ ला तेरावा नंबर आला तरी नेथन बकलीला ठेवलं, पुढच्या वर्षी फ्लॅग फक्त पाच पॉइंटनी हुकला. ब्रिस्बेनचा कोच क्रिस फेगन २०१७ ला पहिल्याच वर्षी शेवटून पहिला आला, २०२३ ची ग्रँड फायनल चार पॉइंटनी हरला, तरी तिथेच राहिला आणि २०२४, २०२५ असे लागोपाठ दोन फ्लॅग. आणि कार्लटनबद्दलही न्यायाने बोलायला हवं, २०२३ च्या मध्यात मायकेल व्हॉसची टीम पंधरावी होती, या वेळी क्लब हलला नाही, सलग नऊ मॅच जिंकून प्रिलिमिनरी फायनलपर्यंत (ग्रँड फायनलच्या आधीच्या फेरीपर्यंत) गेले. तेवढ्या काही आठवड्यांत मला वाटलं हा क्लब शिकतोय.

पण म्हणून सपोर्टरने गप्प बसावं असं मी मुळीच म्हणत नाहीये, ते तर सर्वात वाईट. अपेक्षा पाहिजेच, आणि ती मोठीच पाहिजे. अपेक्षेशिवाय काय होतं ते बघायचं असेल तर एखाद्या अशा मॅचला जा जिथे स्टँड अर्धं रिकामं आहे आणि हरल्यावर कुणाला काही वाटत नाही, खेळाडूंच्या चालण्यातसुद्धा ते दिसतं. फरक इतकाच की अपेक्षा कशाची. "या वर्षी फ्लॅग द्या नाहीतर कोच काढा" ही अपेक्षा बोर्डाला घाबरवते, आणि घाबरलेलं बोर्ड नाव मोठं असलेला माणूस शोधतं. "तुमचा प्लॅन काय, ड्राफ्टमध्ये ही पोरं का घेतली, तीन वर्षांनी आम्ही कुठे असू, आणि नसलो तर उत्तर कोण देणार" ही अपेक्षा बोर्डाला काम करायला लावते. दुसरी अपेक्षा जास्त कडक आहे खरं तर.

रिचमंडचं सध्याचं सांगायचं तर खाली आहोत. २०२३ ला हार्डविक मधेच गेला, २०२४ ला दोन मॅच जिंकून शेवटचा नंबर, डस्टिनही रिटायर झाला. ड्राफ्टमधून ढीगभर पोरं घेतलीत, त्यांना वेळ लागणार. ही खरी परीक्षा आमची, कारण तीन फ्लॅग बघितलेल्या लोकांना आता धीर धरणं जास्त जड जातं, आणि स्टँडमध्ये मागच्या सीटवरून "पूर्वी असं नव्हतं" ऐकू यायला लागलंय. मला त्याची थोडी भीती वाटते. कार्लटनलाही हे वाक्य असंच कधीतरी सुरू झालं असणार.

सर्वात इंटरेस्टिंग मेंबरशिप सध्या कुठली म्हणाल तर टास्मानिया. टीम एएफएलमध्ये २०२८ ला खेळायला लागणार, पण २०२४ ला १० डॉलरची फाउंडर मेंबरशिप काढली आणि ती २ लाखांवर गेली, लक्ष्य होतं ४०,०००. एएफएलमध्ये एकही मॅच खेळायच्या आधीच एवढी अपेक्षा! सीईओ म्हणून तिकडे गेलाय तोच ब्रेंडन गेल. पहिली काही वर्षं ते बहुतेक हरतील, नवीन क्लब हरतातच, तेव्हा ही २ लाख माणसं कशी वागतात यावर त्या क्लबची पुढची वीस वर्षं ठरतील असं मला वाटतं.

तर माझं रेटिंग, ५ पैकी ४. एक पॉइंट कापला तो वरच्या प्रकाराशिवाय ग्रँड फायनलचं तिकीट जवळजवळ स्वप्नच असतं म्हणून आणि होम मॅचच्या गोंधळासाठी. शहरात नवीन असाल तर पहिल्या वर्षी तीन मॅचवाली घ्या, दोन-तीन वेगवेगळ्या क्लबच्या गर्दीत बसून बघा, त्यात एक तरी मॅच अशी बघा जी तो क्लब हरतोय, कारण चौथ्या क्वार्टरला चाळीस पॉइंटनी मागे असताना आजूबाजूचे लोक काय बोलतात त्यावरून क्लब कळतो. मग जिथे बसावंसं वाटेल तिथली मतदानाचा हक्क असलेली फुल मेंबरशिप घ्या. आणि सीझन संपल्यावर एजीएमची ईमेल येते ती डिलीट करू नका, उमेदवारांची माहिती वाचून मत द्या, बहुतेक मेंबर देतच नाहीत.